खणखणीत नाणे, चोख व्यवहार

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण चौरंगावर काय काय मांडतो ते जरा आठवून पाहा. लाह्या, बत्तासे, धने-गूळ, नवी केरसुणी, हिशेबाची वही. आणि या सगळ्याच्या मधोमध एखादे नाणे. ज्यांच्या घरी अजून राणीछाप रुपया जपलेला असेल ते तो ठेवतात, बाकीचे बँकेतून आणलेले चांदीचे नाणे ठेवतात. काही नसेल तर साधा पोलादी रुपयासुद्धा चालतो. नोटांचे पुडके असले तरी त्यावर एक नाणे ठेवल्यावाचून गृहिणीचे समाधान होत नाही. असे का बरे व्हावे? आता तर भाजीवालीच्या टोपलीजवळही चौकोनी ठिपक्यांचा कागद लावलेला असतो आणि पैसे पोहोचल्याची बातमी एक बोलका डबा साऱ्या गल्लीला ऐकवतो. अशा काळात नाण्याची पूजा कशाला?

मला वाटते, याचे उत्तर आपल्या भाषेतच आहे. माणूस सच्चा निघाला तर आपण म्हणतो, ‘नाणे खणखणीत आहे.’ कोणाच्या कीर्तीला कमीपणा आला तर ‘नावाला बट्टा लागला’ असे म्हणतो. हा बट्टा म्हणजे सराफाचा बट्टा. हलके किंवा झिजलेले नाणे मोडताना सराफ जी रक्कम कापून घेई तिचे हे नाव. चोख, कस, कसोटी, पारख हे सारे शब्द सराफकट्ट्यावरून उठून थेट आपल्या नीतिशास्त्रात येऊन बसले आहेत. आमच्या वाडवडिलांनी नीतीवर जाडे ग्रंथ वाचले असतील-नसतील, परंतु नाणे फरशीवर वाजवून घेण्याची शिस्त मात्र त्यांच्या हाडीमाशी खिळली होती.

या विषयाचा नाद मला लागला तो पिंपळवंडीमुळे. पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगाव मागे टाकून आळेफाट्याकडे निघाले की कुकडीकाठच्या हिरव्या शिवारात हे गाव लागते. माझे आजोळ तिथले. मामांचे किराणा-भुसाराचे छोटे दुकान होते आणि देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी एक तांब्याचे जाडजूड नाणे असे. मामी दर अमावास्येला ते चिंचेने घासून लख्ख करी. घासून घासून त्यावरची अक्षरे पुसट झाली होती. तरी बोट फिरवले की ती हाताला लागत. एका अंगाला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या अंगाला ‘छत्रपति’. हीच ती शिवराई! महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या घरांच्या देव्हाऱ्यांत ती अशीच देव होऊन बसली आहे. नाण्याची कोणी पूजा करते ते त्याच्या किमतीसाठी. पण तांब्याच्या पैशाला असून असून किंमत ती किती असणार? पूजा होते ती त्यावरच्या नावाची, आणि ते नाव ज्याने सांभाळले त्या सचोटीची.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि त्या सुमारास नव्या छत्रपतींची नाणी पडू लागली. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. होन वजनाने पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, आणि आज अस्सल होन फारच थोडे शिल्लक आहेत. शिवराई मात्र अकरा-बारा ग्रॅमची, भरघोस, गोरगरिबांच्या रोजच्या बाजारहाटाची. दख्खनच्या बाजारात तेव्हा बहुतेक फारसी अक्षरांची नाणी चालत. त्यांत ही ठसठशीत नागरी अक्षरांची नाणी आली. शेतकऱ्याला वाचता येत नसले तरी अक्षर आपले आहे एवढे त्याला खचित कळत असले पाहिजे.

परंतु मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट त्याच दिवसांतल्या एका वाटाघाटीची. मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन राज्याभिषेकाच्या वेळी नजराणा घेऊन रायगडावर आला होता. त्याच्या झोळीत तहाची वीस कलमे होती. मुंबईत गव्हर्नर जेराल्ड आँजियरने नुकतीच टाकसाळ काढली होती; तिथली नाणी बेटाबाहेर चालावीत अशी कंपनीची मोठी आस. म्हणून एक कलम असे घातले होते की आमची नाणी तुमच्या मुलखात चालावीत आणि तुमची आमच्या मुंबईत. निराजी पंडितांमार्फत महाराजांचे उत्तर आले. त्याचा मथितार्थ असा: कोणत्याही नाण्याला माझ्या राज्यात मनाई नाही, परंतु ज्या नाण्यात रयतेला तोटा आहे ते घ्यायची सक्तीही मी रयतेवर करू शकत नाही. तुमचे नाणे मोगलांच्या व इतर राजांच्या नाण्याइतके कसाचे आणि वजनाचे असेल, तर ते आपोआप चालेल. त्यासाठी कलम कशाला हवे?

वाचकहो, या उत्तराकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. नुकताच अभिषेक झालेला राजा. त्याला ‘माझेच नाणे घ्या, दुसरे घ्याल तर दंड करीन’ असे म्हणता आले असते. उलट, परदेशी व्यापाऱ्याला खूश करण्यासाठी कलमावर मुकाट्याने शिक्काही मारता आला असता. त्यांनी दोन्ही केले नाही. नाणे चालेल ते त्याच्या कसावर, हुकमावर नव्हे. आणि राजाच्या सोयीसाठी गरिबाच्या गाठीचा पैसा बुडता कामा नये, हा न्याय त्यांनी सांगितला. आज एखाद्या कारखानदाराने ‘माझा माल कोणावर लादू नका, तो शेजाऱ्याच्या मालाशेजारी ठेवा आणि गिऱ्हाइकाला निवडू द्या’ असे म्हणावे, तसेच हे आहे.

आमचा जुन्नर तालुका नाण्यांच्या बाबतीत तसा जुना अनुभवी. १६५७ साली तरुण शिवाजीराजांनी मोगलांच्या ताब्यातल्या जुन्नरवर छापा घातला तेव्हा तीन लाख होन आणि दोनशे घोडे हाती लागले असे इतिहास सांगतो. म्हणजे ही केवढी पेठ असेल! तिच्या पश्चिमेला घाटमाथ्यावर नाणेघाट. नावातच नाणे! माथ्यावर कोरलेला दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात, आणि जवळच्या लेण्यात सातवाहनांच्या राणीचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या हजारो कार्षापणांचे आकडे त्यात कोरून ठेवले आहेत. दान दिले तेसुद्धा आकड्यानिशी, आणि तेही खडकावर!

जुन्नरच्या डोंगरांतल्या लेण्यांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, एक लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख आहे. बांबूचे काम करणारे, काशाची भांडी घडवणारे यांच्या श्रेणींचीही नावे तिथे सापडतात. नाशिकच्या लेण्यात तर नहपान राजाच्या जावयाने, उषवदाताने, तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवल्याचे लिहिले आहे. एकीकडे दोन हजार, दरमहा दर शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दर शेकडा पाऊण व्याजाने. व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची सोय. मूळ रक्कम परत मागायची नाही! विचार करा, राजाचा जावई आपली ठेव कोष्ट्यांच्या संघाकडे ठेवतो आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालेल असे मानतो. त्या कोष्ट्यांची पत केवढी असेल!

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. शत्रूचे नाणे, पण चांदी चांगली. ते त्याने टाकले नाही. त्यावर आपले चिन्ह उठवले आणि पुढची जबाबदारी आपली केली. ठसा म्हणजे शोभा नव्हे, ठसा म्हणजे हमी.

हे सारे गोड-गोड चालले आहे असे वाटेल, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. पेशवाईत टाकसाळींचे पीक आले. सरकार ठरावीक रक्कम घेऊन सोनार-सावकारांना नाणी पाडण्याचे परवाने देई. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९९ साली मराठेशाहीतील नाणी व टाकसाळी यांवर एक निबंध लिहिला, त्यात या कारभाराची हकीकत आहे. १७४४ साली नागोठण्यास तांब्याची नाणी पाडण्याचा परवाना दिला गेला; नाण्याचे वजन काय असावे ते परवान्यातच बांधून दिलेले. पण जिथे परवाना आला तिथे पळवाटही आली. धारवाड प्रांतात खाजगी टाकसाळवाले हलकी नाणी पाडू लागले, तेव्हा १७६५ मध्ये त्या टाकसाळी बंद करून एका मध्यवर्ती टाकसाळीखाली कारभार आणावा लागला. अंकुशी, चांदवडी, चिंचवडी, मल्हारशाही असे नाना तऱ्हेचे रुपये बाजारात फिरत आणि प्रत्येकाचा बट्टा निराळा. पुण्याहून नाशिकला जाणाऱ्या माणसाच्या कंबरेचा कसा वाटेतच हलका होई, आणि तोही चोराशिवाय!

म्हणून गावगाड्यात पोतदाराला महत्त्व आले. आपल्यांत पोतदार आडनावाची मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्या पूर्वजांचे काम हेच. बहुधा गावचा सोनारच पोतदारी करी. सरकारात भरायच्या वसुलीतले प्रत्येक नाणे त्याने पाहायचे, वाजवायचे, आणि बद्द वाजले तर बाजूला काढायचे. हा माणूस पाटलाचाही नव्हे आणि कुणब्याचाही नव्हे, तो नाण्याचा!

बाहेरच्या जगानेही हाच धडा घेतला. अमेरिकेने स्वतंत्र झाल्यावर १७९२ साली आपला पहिला नाणे-कायदा केला. टाकसाळीतल्या अधिकाऱ्याने लबाडीने नाण्याचा कस उतरवला तर त्याला देहान्त शिक्षा त्यात ठेवली होती. शिक्षेपेक्षा मला दुसरे कलम अधिक आवडते. पाडलेल्या नाण्यांतली काही बाजूला ठेवायची आणि वर्षातून एकदा सरन्यायाधीशांसारख्या मोठ्या अधिकाऱ्यांसमोर ती तपासायची. म्हणजे, आपल्या मालाची परीक्षा आपणच, पण दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत करून घ्यायची.

परीक्षेची सोय नसली म्हणजे काय होते, हे आपल्या देवगिरीने पाहिले आहे. राजधानी दौलताबादेस आणणाऱ्या महंमद तुघलकाने १३३० च्या सुमारास तांब्या-पितळेची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याच्या भावाने चालवावी असा हुकूम केला. कल्पना वेडगळ नव्हती. आपला आजचा पोलादी रुपयादेखील धातूच्या किमतीवर चालत नाही. पण नक्कल करता येऊ नये अशी तजवीज नव्हती. घरोघर टाकसाळी निघाल्या. अखेर सुलतानाने ती नाणी परत घेऊन खजिन्यातून खरी चांदी मोजून दिली, आणि परत आलेल्या तांब्याचे ढीग तुघलकाबादेत कित्येक दिवस पडून राहिले. नाव ठेवायचे तर त्याच्या घाईला ठेवावे. दिलेल्या शब्दाची किंमत मात्र त्याने चुकवली.

आणखी एक नियम आपल्या आजी-आजोबांनी न शिकता पाळला होता. १८३५ पासून कंपनी सरकारचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. १९४० साली महायुद्धाच्या ओढीत सरकारने चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ मध्ये तर रुपया निकेलचा झाला. लोकांनी काय केले? जुने रुपये गाडग्यात पुरले, नवे खर्चून टाकले. वाईट नाणे चांगल्याला बाजारातून हाकलून लावते ते असे. आणि हीच भीती व्यापारात मोठी आहे. गिऱ्हाइकाला खरा माल आणि खोटा माल यांतला फरक कळेनासा झाला की तो दोघांनाही खोट्याचाच भाव देतो. मग खरा व्यापारी एक तर दुकान बंद करतो, नाहीतर स्वतःही पाणी घालायला शिकतो.

ही भीती पुस्तकी नाही. आता पिंपळवंडीची गोष्ट सांगतो. मामांच्या मागे दुकान राहिले नाही. माझा मामेभाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतो, टोमॅटोची शेती करतो. आमच्या जुन्नर भागात टोमॅटोच्या प्लॅस्टिकच्या पेटीला ‘कॅरेट’ म्हणतात. वीस किलोचे एक कॅरेट. सोन्याचा कस मोजण्याचा शब्द टोमॅटोला लागावा, ही मोठी मौजेची गोष्ट! काही वर्षांपूर्वी भाव साफ कोसळला. तोडणीची मजुरी निघेना. अशा वेळी कॅरेटच्या तळाशी बारका, डागी माल आणि वर दोन थर लालबुंद फळांचे, ही युक्ती कोणाला सुचणार नाही? दादाने ती केली नाही. रात्री अंगणात दिवा लावून तो आणि वहिनी फळे निवडत बसले होते. डागी माल निराळ्या कॅरेटात, त्यावर खडूने फुली.

मी तेव्हा तिथेच होतो. मी शिवराईचे कौतुक करू लागलो तशी वहिनी फणकाऱ्याने म्हणाली, “भाऊजी, महाराजांचं नाव घेऊन पोरीची फी भरता येत नाही. फुली मारलेल्या कॅरेटाला उद्या कोण हात लावणार?”

तिचे म्हणणे खरे होते. दुसऱ्या दिवशी बाजारात फुलीच्या कॅरेटांना मिळालेल्या पैशांत वाहतूकही सुटली नाही, आणि चांगल्या मालाला इतरांइतकाच भाव मिळाला. सचोटीला ताबडतोब बक्षीस मिळते असे मी सांगणार नाही. गोष्टीतल्या लाकूडतोड्याला सोन्याची कुऱ्हाड मिळते. दादाला त्या दिवशी तोटाच मिळाला. फी उसनवारीने भरली गेली.

पुढच्या दोन हंगामांत मात्र एक फरक झाला. खरेदीदार इतरांची कॅरेटे उलटी करून पाहतात, दादाची पाहत नाहीत. भाव पडला की आधी याचा माल उचलतात. किलोमागे फार जास्त देतात असे नव्हे. पण माल पडून राहत नाही. गेल्या खेपेस मी वहिनीला मुद्दाम विचारले, “काय मग, फायदा झाला का?” ती म्हणाली, “फायदा कसला! एवढंच, की रात्री व्यापाऱ्याचा फोन आला तर पोटात गोळा येत नाही.” मी ते उत्तर वहीत लिहून ठेवले आहे. पतीची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्याच अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडलेली नाही.

आपण शहरी माणसे टोमॅटो पिकवत नाही. पण नाणी आपणही पाडतच असतो. डॉक्टरची चिठ्ठी, इंजिनियरची सही, शिक्षकाने दिलेले गुण, दुकानदाराची पावती, ही ज्याची त्याची नाणी होत. बिस्किटाच्या पुड्याची किंमत तीच ठेवून आतले वजन हळूच दहा-वीस ग्रॅमने उतरवतात, तेव्हा मला धारवाडचे टाकसाळवाले आठवतात. कायद्याने वजन पुड्यावर छापलेले असते हे खरे. पण बारीक अक्षरांत छापून मोकळे होणे निराळे आणि गिऱ्हाइकाला तोंडाने सांगणे निराळे. ‘मापात पाप’ करू नये असे म्हणणारी आपली आजी वजनमापांच्या कायद्याच्या कितीतरी आधीची!

तेव्हा या दिवाळीत मुलाबाळांना एक खेळ शिकवावा असे मी सुचवतो. घरातले जुने नाणे त्यांच्या हाती द्यावे आणि त्याच्या तीन परीक्षा सांगाव्यात. पहिली वजनाची: बोललो तेवढे दिले का? दुसरी नादाची: वरून जे दिसते तेच आतून आहे का? तिसरी ठशाची: याच्यावर माझे नाव घालायला मी तयार आहे का? तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणता येत नसेल तो माल, ते काम, ती सही घराबाहेर जाऊ देऊ नये. आणि चौथी गोष्ट मोठ्यांसाठी: आपल्या कामाला एखादा पोतदार नेमावा. हिशेब तपासणारा मित्र असो, तोंडावर बोलणारी बायको असो किंवा तक्रार घेऊन येणारे गिऱ्हाईक असो, त्याला दारातून परत पाठवू नये.

शिवराई एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत आपल्या बाजारात फिरत होती. राज्य गेले, किल्ले पडले, कंपनी आली, राणी आली. तरी बाजारातली बाई शिवराई हातात घेऊन भाजी देत होती. तिला कोणी हुकूम केला नव्हता.

सर्व वाचकांना ही दिवाळी आनंदाची, आरोग्याची आणि चोख हिशेबाची जावो!